लोककला-संग्रहालय आणि एकटा प्रेक्षक : मुंबईतील कोळी संस्कृतीच्या मांडणीची चिकित्सा

सारांश

लोकजीवनातील वस्तू संग्रहालयात आली की तिचा वापर थांबतो आणि दर्शन सुरू होते. या स्थित्यंतरात काय टिकते आणि काय हरवते, याचा विचार प्रस्तुत निबंधात मुंबईतील कोळी समाजाच्या संदर्भात केला आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि कफ परेड येथील मच्छीमार नगर ही दोन स्थळे एकट्या प्रेक्षकाच्या दृष्टीने परस्परांशेजारी ठेवून पाहिली आहेत. वस्तूंचे वर्गीकरण, लोककलेची रूढ व्याख्या, पाहणारा व पाहिला जाणारा यांतील संबंध आणि समाजाने स्वतः उभारलेल्या संग्रहाची शक्यता या चार अंगांनी ही चिकित्सा केली असून, अखेरीस कोळी संस्कृतीच्या कोणत्याही भावी संग्रहालयास लावावयाच्या कसोट्या सुचविल्या आहेत.

बीजशब्द : संग्रहालय, लोककला, कोळी समाज, प्रेक्षक, मच्छीमार नगर, प्रतिनिधित्व.

१. प्रस्तावना

आपल्याकडे संग्रहालय हे बहुधा समूहाने पाहण्याचे ठिकाण आहे. शाळेची सहल, सुट्टीत मुंबईस आलेले नातेवाईक, राणीच्या बागेत प्राणी पाहून झाल्यावर उरलेला अर्धा तास घालविणारे कुटुंब, हे आपल्या संग्रहालयांचे नेहमीचे प्रेक्षक. 'अजबखाना' हा जुना शब्द या पाहण्याचे स्वरूप नेमके सांगतो. अजब ते पाहावे, एकमेकांस दाखवावे, हसावे आणि पुढे जावे. एकटा येणारा प्रेक्षक या चित्रात अपवादात्मक असतो. त्याला दाखविणारे कोणी नसते, घाई करणारेही कोणी नसते. तो वस्तूसमोर थांबतो, पाटी वाचतो, पुन्हा वस्तूकडे पाहतो. पाटी आणि वस्तू यांत अंतर असेल तर ते त्यालाच प्रथम जाणवते. म्हणून संग्रहालयाची खरी परीक्षा एकट्या प्रेक्षकासमोर होते, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रस्तुत निबंधात या एकट्या प्रेक्षकाच्या मार्गाने जाऊन एक मर्यादित प्रश्न विचारला आहे. मुंबईचे आद्य रहिवासी म्हणून ज्यांचा उल्लेख प्रत्येक इतिहासग्रंथात आदराने होतो, त्या कोळी समाजाची संस्कृती लोककला-संग्रहालयाच्या चौकटीत कशी बसते आणि बसत नसल्यास ती का बसत नाही? हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांच्या जमिनीचा, त्यांच्या सीमांचा आणि मासेमारीच्या हक्काचा वाद गेली अनेक वर्षे चालू आहे. ज्या समाजाचे वर्तमान असे अनिश्चित आहे, त्याच्या भूतकाळाचे जतन करण्याची भाषा कोणत्या हेतूने बोलली जाते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

२. संग्रहालयाचा जन्म आणि वर्गीकरणाची दृष्टी

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनाच्या प्रेरणेतून मुंबईत आर्थिक उत्पादने, निसर्गेतिहास व कलाकौशल्य यांचे एक संग्रहालय फोर्टमधील बराकीत सुरू झाले. १८५७ च्या धामधुमीत त्या बराकी लष्करास हव्या झाल्या आणि संग्रहाची मोठी हानी झाली. पुढे जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी यांच्या पुढाकाराने लोकवर्गणीतून स्वतंत्र इमारतीची योजना आखली गेली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' या नावाने ते लोकांस खुले झाले. १९७५ मध्ये त्यास भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. २००३ ते २००८ या काळात त्याचा काळजीपूर्वक जीर्णोद्धार झाला आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्काराने त्या कामाचा गौरव झाला.

या इतिहासातील दहा वर्षांचा बांधकामकाळ विशेष अर्थपूर्ण आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत ओतला जात होता. त्याच पैशाच्या जोरावर नगराला संग्रहालय हवेसे वाटले आणि त्याच पैशाच्या जोरावर बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला, तेव्हा भरावाच्या कंपन्या बुडाल्या आणि संग्रहालयाचे कामही निधीअभावी रखडले. समुद्र हटविण्याची आकांक्षा आणि वस्तू जपण्याची आकांक्षा एकाच तिजोरीतून निघाल्या होत्या, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. आजचे कफ परेड हा पुढील काळात टप्प्याटप्प्याने पुऱ्या झालेल्या भरावाचाच भाग आहे.

त्याच सुमारास शहराचे वर्णन करण्याच्या दोन भिन्न पद्धतीही आकारास येत होत्या. १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. मराठीतील हे पहिले नगरवर्णन. त्याच वर्षी विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराचा मुंबईतील जातीजमातींवरील सचित्र ग्रंथ निघाला. जॉन्सनने माणसांची छायाचित्रे चित्रशाळेत घेतली आणि ती मुंबईच्या निरनिराळ्या स्थळांच्या चित्रांवर बसविली. माणूस एकीकडचा, पार्श्वभूमी दुसरीकडची. माडगांवकरांचे वर्णन रस्त्यावरून चालणाऱ्या रहिवाशाचे आहे. त्यात ऐकीव गोष्टी आहेत, तक्रारी आहेत, कौतुक आहे. जॉन्सनच्या पानावर मात्र माणूस स्वतःच्या जागेवरून उचलला जाऊन 'नमुना' होतो.

भायखळ्याच्या संग्रहालयातील मातीच्या छोट्या मूर्ती आणि देखावे या दुसऱ्या परंपरेतील आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी सर ज. जी. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स हे संग्रहालयाचेही प्रमुख असताना या स्वरूपाच्या कामास विशेष चालना मिळाली. नाना जातींचे पेहराव, पागोट्यांचे प्रकार, धंदे, खेळ, ग्रामजीवनातील प्रसंग यांचे हे चित्रण अत्यंत कुशल आहे. त्यातील बारकावे पाहताना प्रेक्षक थक्क होतो. परंतु हे कौशल्य कशासाठी वापरले आहे, हेही पाहिले पाहिजे. प्रत्येक मूर्ती एका वर्गाची प्रतिनिधी आहे आणि तिला स्वतःचे नाव नाही. जी घडवणारी बोटे होती त्यांचीही नावे बहुधा आपणास ठाऊक नाहीत. आर. ई. एन्थोवेन यांचे मुंबई इलाख्यातील जातीजमातींचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात निघाले. त्यांत शब्दांनी जे झाले तेच येथे मातीने झाले. समाज म्हणजे कप्पे आणि माणूस म्हणजे कप्प्यावरील चिठ्ठी, असा हा समज आहे.

अशा मांडणीत मच्छीमाराची मूर्ती असली तरी तिच्यातून काय कळणार? डोक्यावरची टोपी, कमरेचा रुमाल, हातातील जाळे, कोळिणीच्या लुगड्याची नेसण आणि डोक्यावरील पाटी एवढे कळते. त्याने जाळे कोणत्या वेळी टाकले, प्रवाह कोणत्या दिशेचा होता, तिने पाटीतील म्हावऱ्याचा भाव कसा ठरविला, हे कळत नाही. पेहराव उरतो आणि व्यवहार निघून जातो.

संग्रहालयाच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले तोच हा हत्ती. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात भंगला. पुढे त्याचे तुकडे जोडून तो येथे उभा करण्यात आला. बेटावर त्या नावाचे कारण उरले नाही आणि कारण येथे आले तर त्याचे बेट राहिले नाही. संग्रहालयातील स्थलांतरित वस्तूंची एकूण अवस्था समजावून घेण्यास या हत्तीइतके उत्तम उदाहरण दुसरे नाही.

३. लोककलेची व्याख्या आणि कोळी संस्कृतीची अडचण

महाराष्ट्रातील लोककला म्हटले की आज सर्वप्रथम वारली चित्रांचे नाव निघते. ही प्रतिष्ठा तुलनेने अलीकडची आहे. लग्नप्रसंगी सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढावयाचा चौक, हे त्या चित्रांचे मूळ कार्य. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या कलावंतांच्या प्रयत्नांनी ही चित्रे कागदावर व कापडावर आली. जिव्या सोमा म्हसे यांना जागतिक कीर्ती लाभली आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि वारली चित्र संग्रहालयात सहज का सामावले, याचे कारण त्याच्या सपाटपणात आहे. ते भिंतीवरून कागदावर उतरू शकते, त्याला चौकट करता येते, खाली नाव लिहिता येते. या प्रक्रियेत विधी मागे राहिला आणि स्त्रियांच्या हातातील काम बव्हंशी पुरुष कलावंतांच्या नावावर गेले, ही किंमतही नोंदवली पाहिजे.

कोळी संस्कृतीत असे चौकटीत बसणारे फारसे काही नाही. तिची कला होडीच्या बांधणीत, जाळ्याच्या विणीत, समुद्राच्या ज्ञानात, गाण्यात आणि बाजारातील वाक्चातुर्यात विखुरलेली आहे. डोल जाळ्याचे उदाहरण घेऊ. हे पिशवीच्या आकाराचे जाळे समुद्रात खुंटांच्या आधाराने प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवतात. तोंड रुंद, शेपूट निमुळते. मासा शोधत जावयाचे नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच बोंबील आणि जवळा जाळ्यात आणून सोडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोराचा असतो, अष्टमीच्या सुमारास भांगाला तो मंदावतो. म्हणजे या जाळ्याच्या मागे तिथींचे संपूर्ण पंचांग उभे आहे. हे जाळे दालनाच्या छतास टांगले, तर प्रेक्षकास दिसेल ते केवळ दोऱ्यांचे गाठोडे. प्रवाहाशिवाय डोल जाळ्याला आकारच नाही.

आनंद कुमारस्वामी यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात कलावस्तू प्रदर्शित तरी का करावयाच्या, असा मूलभूत प्रश्न उपस्थित केला होता. संग्रहालयातील बहुतेक प्राचीन वस्तू संग्रहालयासाठी घडविलेल्या नव्हत्या, त्या उपयोगासाठी होत्या आणि त्यांचा उपयोग समजल्याखेरीज त्यांचे सौंदर्य समजत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. कोळी जीवनास हा विचार तंतोतंत लागू पडतो. येथे उपयोग हीच कलेची अट आहे. जुनी सुती जाळी जाऊन नायलॉनची आली, शिडांच्या जागी यंत्रे आली, म्हणून संस्कृती संपली असे मानणे चूक आहे. परंतु लोककलेची रूढ व्याख्या जुन्या सुती जाळ्यास 'वारसा' म्हणते आणि काल दुरुस्त केलेल्या नायलॉनच्या जाळ्यास 'सामान' समजते. विणीचे ज्ञान दोन्हीकडे तेच आहे. धागा बदलला एवढेच. वारसा ठरविताना आपण ज्ञानाकडे पाहतो की धाग्याकडे, हा येथील कळीचा मुद्दा आहे.

दुसरीकडे 'कोळी' म्हणून जे सर्वत्र दाखविले जाते ते शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतील कोळीनृत्य होय. वल्ह्याचा अभिनय, चमकदार लुगडी, ठेक्याचे गाणे. हेही एक फिरते संग्रहालयच आहे. त्यात मातीऐवजी विद्यार्थी आहेत, इतकाच फरक. विजया पुणेकर यांनी 'द सोन कोळीज ऑफ बॉम्बे' या १९५९ मधील ग्रंथात सोनकोळ्यांच्या जीवनाचा जो सविस्तर अभ्यास केला, त्याकडे आपल्या सांस्कृतिक कार्यक्रमांचे लक्ष क्वचितच गेले. दुर्गा भागवत यांनी 'लोकसाहित्याची रूपरेखा' (१९५६) लिहून लोकसाहित्याच्या पद्धतशीर अभ्यासाची दिशा दाखविली. लोककलेच्या प्रदर्शनशास्त्रात तसे काम मराठीत अजून व्हावयाचे आहे.

४. एकट्या संग्राहकाचे संग्रहालय

संग्रहालयाच्या एकट्या प्रेक्षकाची चर्चा करताना एकट्या संग्राहकाचाही विचार करणे आवश्यक आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्याचे मराठी मुलखातील सर्वश्रेष्ठ उदाहरण. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) सुमारे १९२० पासून गावोगावी हिंडून वीस हजारांहून अधिक वस्तू जमविल्या. अकाली गेलेल्या पुत्राचे, राजाचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले आणि अखेर हा संग्रह शासनाच्या म्हणजे समाजाच्या स्वाधीन केला. पत्नी कमलाबाईंची साथ त्यांस लाभली.

केळकरांची दृष्टी वर्गीकरण करणाऱ्याची नव्हती, ती रसिकाची होती. अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, किसण्या, वाद्ये, कोरीव दारे या वस्तूंमध्ये जातीचा नमुना शोधण्याऐवजी त्यांनी हाताची खुबी शोधली. एकच अडकित्ता किती रूपे धारण करू शकतो, हे पाहताना एकटा प्रेक्षक हरखून जातो. भायखळ्याच्या मातीच्या मूर्तींपुढे आपण 'हे लोक असे होते' असे म्हणतो, तर केळकरांच्या अडकित्त्यापुढे 'हे कोणी केले असेल' असे म्हणतो. दुसरे वाक्य अधिक मानवी आहे.

परंतु या दृष्टीचीही मर्यादा आहे. संग्राहक जे उचलून आणू शकतो तेच संग्रहात येते. वाड्याच्या दिवाणखान्यातील, देवघरातील, माजघरातील वस्तू आणता येतात. खाडीतील खुंट, ओहोटीची वेळ, वाऱ्याचे नाव, तांडेलाचा अंदाज या गोष्टी आणता येत नाहीत. गोव्यात बाणावली येथे व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या 'गोवा चित्र' या संग्रहालयात शेतीची व परंपरागत उद्योगांची अवजारे त्यांच्या उपयोगासह समजावून देण्याचा प्रयत्न आहे, हे त्या दिशेने पुढचे पाऊल होय. तरीही व्यक्तीने उभारलेल्या प्रत्येक संग्रहात निवड एकाच्याच मनाची असते.

५. मच्छीमार नगर : 'जिवंत संग्रहालय' या कल्पनेचा धोका

संग्रहालयातील उणीव भरून काढण्यासाठी प्रत्यक्ष कोळीवाड्यात जावे, हा सल्ला सहज दिला जातो. कफ परेडचे मच्छीमार नगर त्यासाठी सोयीचेही आहे. एका बाजूस जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे, जवळच बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आणि मधोमध किनाऱ्याला लागलेल्या होड्या, पसरलेली जाळी, वाळत घातलेली मासळी. २०२५ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत आल्यापासून उपनगरातील प्रवाशालाही येथे पोहोचणे सोपे झाले आहे. अशा वस्तीस 'जिवंत संग्रहालय' म्हणण्याचा मोह लेखकांस आणि पर्यटन-व्यावसायिकांस होतो. हा शब्दप्रयोग कौतुकाचा वाटला तरी घातक आहे.

कारण संग्रहालयातील वस्तूस हक्क नसतात, वस्तीतील माणसास असतात. जे संग्रहालय आहे त्याने बदलू नये, अशी आपली अपेक्षा असते. कोळ्याने पक्के घर बांधले, होडीवर उपग्रहाधारित दिशादर्शक बसविला, मुलीने संगणक-अभियांत्रिकीला प्रवेश घेतला, तर 'जिवंत संग्रहालया'च्या दृष्टीने ती झीज ठरते. शिवाय संग्रहालय स्थलांतरित करता येते. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात किनारपट्टीच्या गावाचा मुक्ताकाश विभाग आहे. तेथे तलाव आहे, समुद्र नाही. तो प्रयोग स्वतःच्या जागी मोलाचा आहे. पण जे गाव संग्रहालयात हलविता येते असे एकदा मानले, ते किनाऱ्यावरूनही हलविता येते असे मानण्यास वेळ लागत नाही. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांची स्वतंत्र दखल घेतली गेली. २०१९ मध्ये नवी अधिसूचना आली. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न मात्र या सर्व काळात पुनःपुन्हा चर्चेत राहिला. अशा वेळी वस्तीचे वर्णन 'वारसा' म्हणून करणे पुरेसे नाही. मासळी वाळविण्याची मोकळी जागा, होड्या ओढून घेण्याचा उतार, जाळी दुरुस्त करण्याचे अंगण या जागा घराइतक्याच आवश्यक आहेत, हे सांगावे लागते. संग्रहालयाच्या नकाशावर अशा मोकळ्या जागा रिकाम्या दिसतात. कोळ्याच्या व्यवहारात त्या भरलेल्या असतात.

एकट्या प्रवाशाच्या दृष्टीने येथे आणखी एक गोष्ट घडते. संग्रहालयात तो पाहतो आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पहारेकऱ्याची नजर असते, पण मूर्तीची नसते. मच्छीमार नगरात तोच पाहिला जातो. हा कोण, कशासाठी आला, कॅमेरा कशाला काढला, हे प्रश्न त्याच्याभोवती उभे राहतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी याच किनाऱ्यावर उतरले होते आणि त्या अनोळखी माणसांना प्रथम हटकणारे व ओळखणारे येथील मच्छीमारच होते. तेव्हा परक्या माणसाला येथे विचारणा झाली, तर ती अनुदारता समजू नये. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी येणाऱ्याची खबर ठेवावी, हा त्यांच्या व्यवसायाचाच भाग आहे. ज्या समाजास संग्रहालयाने केवळ पाहण्याचा विषय मानले, तो समाज स्वतः उत्तम निरीक्षक आहे, ही गोष्ट एकट्या प्रेक्षकाला येथे कळून येते. संग्रहालयातील त्याच्या निवांत नजरेचे स्वातंत्र्य किती एकतर्फी होते, याचीही त्याला जाणीव होते.

म्हणून मच्छीमार नगरास जाणाऱ्याने प्रेक्षक म्हणून न जाता पाहुणा किंवा गिऱ्हाईक म्हणून जावे. मासळी विकत घेणाऱ्यास कोळीण जे सांगते, ते टिपणवही घेऊन उभ्या राहणाऱ्यास सांगेलच असे नाही. श्रावणातील नारळी पौर्णिमेस होड्या सजतात, समुद्राला नारळ अर्पण होतो, तेव्हा छायाचित्रकारांची गर्दी होते. पण जून-जुलैमधील एकसष्ट दिवसांच्या मासेमारीबंदीत होड्या ओढून ठेवलेल्या असतात, डागडुजी चालते, उधारी वाढते. त्या दिवसांत कोणी येत नाही. लोकसंस्कृती समजून घ्यावयाची तर सणाइतकेच हे रिकामे दिवसही पाहिले पाहिजेत.

६. समाजाचा स्वतःचा संग्रह : शक्यता आणि शंका

मग कोळी संस्कृतीचे संग्रहालय असूच नये काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे आर्थर हाझेलियस यांनी स्कॅन्सेन हे मुक्ताकाश संग्रहालय उभारले, तेव्हापासून लोकजीवन दालनाबाहेर मांडण्याचे प्रयोग चालू आहेत. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये 'परिसर-संग्रहालय' ही कल्पना पुढे आली. तीत इमारतीच्या जागी प्रदेश, संग्रहाच्या जागी वारसा आणि प्रेक्षकाच्या जागी रहिवासी यांस महत्त्व दिले गेले. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या नव्या व्याख्येतही समाजांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे.

आपल्याकडेही या दिशेने काही घडत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने जीर्णोद्धारानंतर समकालीन कलावंतांस जुन्या संग्रहाशी संवाद साधण्यासाठी निमंत्रित करण्याचा उपक्रम राबविला. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल दोडिया आदींची कामे तेथे झाली. जुन्या मांडणीला आतूनच प्रश्न विचारण्याची ही पद्धत प्रशंसनीय आहे. २०१७ मध्ये ससून डॉक येथे भरलेल्या कलाप्रदर्शनाने तर बंदरालाच दालन केले. त्यामुळे अनेक मुंबईकर प्रथमच तेथे गेले, मात्र प्रदर्शन संपल्यावर ते पुन्हा गेले नाहीत. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील कलावंत पराग तांडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'तांडेल फंड ऑफ आर्काइव्हज्' या उपक्रमाद्वारे कोळी समाजाच्या स्मृती व वस्तू समाजातूनच गोळा करून मांडण्यास आरंभ केला, हा प्रयत्न या सर्वांत अधिक मूलगामी वाटतो. येथे नमुना आणि संग्राहक एकाच वाड्यातील आहेत.

तथापि 'समाजाने स्वतः मांडावे' एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. समाज म्हणजे कोण? होडीचा मालक असलेला नाखवा, तिच्यावर मजुरीने काम करणारा खलाशी, पाटी घेऊन बाजारात बसणारी कोळीण आणि व्यवसाय सोडून कचेरीत नोकरी करणारा तरुण, या चौघांची स्मृती एकसारखी नाही. आज होड्यांवर काम करणारे अनेक खलाशी परप्रांतांतून येतात. त्यांचे श्रम कोळी संग्रहालयात कोठे बसतील? स्त्रियांनी सांभाळलेल्या विक्रीव्यवहाराला जागा मिळेल की पुन्हा फक्त लुगडे आणि दागिने टांगले जातील? बाहेरच्याने केलेले वर्गीकरण नाकारताना आतल्या बलवानांचे वर्गीकरण स्वीकारले, तर फार काही साधले असे म्हणता येणार नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून कोळी संस्कृतीच्या कोणत्याही विद्यमान अथवा भावी संग्रहालयास तीन कसोट्या लावाव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली कसोटी नावाची. वस्तू कोणी घडविली, कोणी वापरली, कोणी दिली, हे पाटीवर असावे. 'कोळी जाळे' असे लिहिणे पुरेसे नाही. दुसरी कसोटी क्रियेची. जाळ्यासोबत प्रवाह, होडीसोबत हंगाम, पाटीसोबत भाव यांचे ज्ञान त्या व्यवहारातील माणसाच्या शब्दांत उपलब्ध असावे आणि नायलॉनचे जाळेही सुती जाळ्याइतकेच आदराने मांडले जावे. तिसरी कसोटी प्रेक्षकाची आणि ती सर्वांत अवघड आहे.

एकटा प्रेक्षक म्हटला की आपल्या नजरेसमोर शिक्षित, फुरसतीचा, बहुधा पुरुष प्रवासी येतो. प्रस्तुत निबंधातही आतापर्यंत तोच गृहीत होता. त्याच्या जागी मच्छीमार नगरातील एखादी कोळीण एकटी संग्रहालयात आली अशी कल्पना करावी. प्रथम तर तिला येता येईल काय, हाच प्रश्न आहे. संग्रहालय दिवसा उघडे असते आणि त्या वेळी ती बाजारात बसलेली असते. ती आलीच, तर मातीच्या मूर्तीपुढे उभी राहून तिला काय वाटेल? आपल्या आजीची नेसण पाहून आनंद होईल, की आपण मोजल्या-मापल्या गेल्याची जाणीव होईल? पाटीवर काही चुकले असेल, तर ते सांगण्यास तेथे कोणी जागा ठेवली आहे काय? तिने सांगितलेली दुरुस्ती नोंदवली जाईल काय?

ज्या संग्रहालयात या प्रेक्षकेस पाटी दुरुस्त करण्याचा अधिकार असेल, ते लोककलेचे संग्रहालय म्हणविण्यास पात्र ठरेल. तोपर्यंत आपली संग्रहालये लोकांविषयीची असतील, लोकांची असणार नाहीत. महाविद्यालयांतील मराठी, इतिहास, समाजशास्त्र व भूगोल या विभागांना येथे संयुक्तपणे करण्याजोगे काम आहे. विद्यार्थ्यांची सहल संग्रहालयात नेण्यापूर्वी एक काम करता येईल. तेथील मजकुराची प्रत किनाऱ्यावरील वस्त्यांत वाचून दाखवावी आणि मिळालेल्या दुरुस्त्या संग्रहालयाकडे पाठवाव्यात. यास मोठा निधी लागत नाही. ओहोटीची वेळ पाहून जावे लागेल, एवढेच.